ढिला दगड

लिव्हर मागे घेऊन तिने मशीन थांबवलं. दाबाचा काटा लाल पट्ट्याला भिडला होता.

"काय झालं गं?" शेजारी उभ्या मुकादमांनी विचारलं.

"धक्के बसतायत, काका. दगड ढिला लागतोय."

खाणीच्या वरच्या बोगद्यापासून साठ मीटर खालच्या बोगद्यापर्यंत हवेसाठी उभं विवर खोदायचं होतं. आधी वरून बारीक भोक पाडून झालं होतं. आता त्यातल्या पाइपाला खालून दातेरी चाकांचं भलंमोठं तोंड जोडलं होतं, आणि मशीन ते गरागरा फिरवत वर ओढत होतं. फुटलेला खडक खाली पडत होता. खालचा बोगदा साखळ्या लावून बंद केलेला.

मुकादमांच्या उमेदीच्या काळात हे काम माणसं करत. शिड्यांनी वर चढायचं, डोक्यावरच्या दगडात भोकं पाडायची, सुरुंग भरून उतरायचं, आणि स्फोटानंतर पुन्हा तिथेच चढायचं. तिचे वडील त्यांचे जोडीदार. ती चार वर्षांची होती तेव्हा असाच एक दगड सुटला. वरून "भिंतीला चिकट!" एवढी हाक आली. खालच्या शिडीवरचे मुकादम भिंतीला चिकटले आणि वाचले. हाक देणारा वाचला नाही.

ती खाणीत नोकरीला लागली तेव्हा त्यांनी महिनाभर तिच्याशी अबोला धरला होता.

"ओढ निम्म्यावर आण," ते आता म्हणाले. "घाई नाही आपल्याला."

तिने ओढ कमी केली. चाकं पुन्हा फिरू लागली. पाचएक मिनिटांनी पायांखालून गडगडाट आला, पाइप थरथरला, आणि काटा आपसूक खाली उतरला. लगेच खालच्या पहारेकऱ्याचा फोन वाजला.

"खोलीएवढा दगड आलाय," तिने ऐकून सांगितलं. "चार तुकडे झालेत."

"आत कुणी?"

"कुणी नाही, काका."

"नक्की?"

"आत कुणी नसतंच आता."

मुकादमांनी मशीनच्या तापलेल्या चौकटीवर तळहात टेकवला. "शाबास," ते म्हणाले. ते नेमकं कुणाला, हे तिला कळलं नाही.

दुपारी पाळी सुटल्यावर दोघं वर उन्हात आली. मुकादम खाणीच्या कचेरीच्या पायरीपाशी थांबले.

"तुझ्या आईला फोन लाव."

तिने स्पीकर चालू करून फोन त्यांच्यापुढे धरला. इतक्या वर्षांत त्यांनी त्या घरचा नळ दुरुस्त केला होता, पत्रे बदलले होते, तिच्या शाळेत पालक म्हणून सह्या केल्या होत्या. आई त्यांना पाणी द्यायची आणि न बोलता आत निघून जायची.

"वहिनी, आज तसाच दगड पडला," ते म्हणाले. "खाली कुणी नव्हतं. लेक माझ्याजवळ उभी आहे. धुळीने माखलीय, बाकी ठणठणीत."

तिने फोन त्यांच्या आणखी जवळ धरला.

"आणि तुम्ही, भाऊजी?" आईने विचारलं. "तुम्हाला नाही ना कुठे लागलं?"

मुकादम पायरीवर बसले.

"नाही, वहिनी," ते म्हणाले. "मला नाही लागलं."