यादीतली एकोणिसावी सोय

नव्या आवृत्तीत सत्तावीस सोयी होत्या. त्यातली एकोणिसावी आत्याची.

आत्या हे काही तिचं खरं नाव नव्हे. त्या ऑफिसात सतरा वर्षं टिकलेली ती एकटीच. नव्याने आलेल्यांवर आधी खेकसायची आणि मग स्वतःच त्यांच्यासाठी चहा करून आणायची, म्हणून कुणीतरी गमतीने आत्या म्हणालं, आणि ते चिकटलं ते चिकटलंच. हे लोक मिळून एक टूलकिट बनवत. चित्रं, आवाज आणि हलती पात्रं जुळवून कुणालाही घरबसल्या आपला गेम तयार करता यावा, असं. शाळकरी मुलांपासून निवृत्त माणसांपर्यंत कितीतरी जण ते वापरायचे.

नवी आवृत्ती बाहेर पडली तशी सगळ्यांनी ती डोक्यावर घेतली. सावल्या आता खऱ्यासारख्या पडत होत्या, पाणी हलत होतं, एकच गेम फोनवरही चालत होता. आत्याची सोय त्यामानाने अगदीच साधी. जुन्या आवृत्तीतला गेम उघडला की ‘नव्या स्वरूपात बदलायचा का?’ असा प्रश्न यायचा. ‘हो’ दाबलं की झालं. साहेबांनी मीटिंगमध्ये तिची पाठ थोपटली होती. “आता जुनी कटकट कायमची गेली,” ते म्हणाले होते.

चौथ्या दिवशी तक्रारींच्या पेटीत एक छोटंसं पत्र आलं. ‘नमस्कार. माझ्या मुलीचा गेम उघडतो, पण ती बोलत नाही. काय करावे?’

आत्याने नेहमीचं उत्तर पाठवलं: स्पीकर तपासा, आवाज वाढवा. तासाभरात उलट टपाली उत्तर हजर. ‘स्पीकर चालू आहेत. गाणी वाजतात. ती बोलत नाही.’

ती म्हणजे गेममधलं एखादं पात्र असणार, असं आत्याने धरलं आणि फाइल मागवली. उघडून बघते तर चित्रं जागच्या जागी, पात्रं जागच्या जागी, आणि आवाजांच्या खणात एक्केचाळीस नावं. प्रत्येक नावापुढे शून्य.

हे कुणी केलं ते तिला विचारावं लागलं नाही. फार जुन्या आवृत्तीत मायक्रोफोनवरून थेट आवाज भरायची एक पद्धत होती. ती आता हजारात तीन जण वापरतात, असे आकडे तिच्यासमोर होते. तेवढ्यासाठी महिनाभर कोण डोकं फोडणार? म्हणून तसले आवाज वगळायचे, असं तिनेच ठरवलं होतं. वगळल्याची सूचनाही दिली होती, पण अगदी तळाला, बारीक अक्षरांत, जिथे कुणी फिरकत नाही अशा जागी. आणि डिस्कवरची जागा वाचावी म्हणून जुनी फाइल पुसून तिच्याच जागी नवी ठेवली होती.

तरी मूळ फाइलची प्रत कुठेतरी असेल, असं मनाला बजावत तिने फोन लावला. पलीकडचा आवाज पन्नाशीच्या माणसाचा, दमलेला पण अदबशीर. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. हाताखाली कुणी नाही, एकट्याचंच काम.

“तुमच्या मुलीने दुसरी प्रत काढून ठेवली असेल हो. मुलं ठेवतात. तिलाच जरा विचाराल का?” आत्या म्हणाली.



“ती गेली. गेल्या वर्षी,” तो म्हणाला. “सोळाची होती. ताप मेंदूत गेला. पाच दिवसांत सगळं आटोपलं.”

मग तोच तिची अडचण सोडवल्यासारखा बोलत राहिला. मुलीला घरात भिंगरी म्हणायचे, कारण ती एका जागी बसेल तर शपथ. बसायची ती फक्त हा गेम बनवायला. गेममध्ये एक लिफ्टवाला होता, हातात पाना घेऊन बारा मजल्यांची इमारत चढणारा. मिशीसकट हुबेहूब बाप! मजला आला की भिंगरी स्वतःच्या आवाजात बोलायची. “तिसरा मजला. बाबा, डबा घरीच राहिला तुमचा.” “पाचवा मजला. इथल्या आजींना जास्त बोलायला देऊ नका, उशीर होतो.”

“मी रोज कामावरून आलो की खेळतो,” तो म्हणाला. “हिला खेळता येत नाही, ही स्वयंपाकघरातून ऐकते. नवीन आवृत्ती आली असं दिसलं. म्हटलं, भिंगरी असती तर पहिली तिनेच घेतली असती. म्हणून ‘हो’ दाबलं. माझं काही चुकलं का?”

“नाही,” आत्या म्हणाली. “तुमचं काही चुकलं नाही. कॉम्प्युटर बंद करा आणि घेऊन या. वाटेल ते झालं तरी सुरू करू नका.”

साहेबांच्या कानावर घातलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. “वाईट झालं गं. पण अटींमध्ये आपण लिहिलंय ना, आधी प्रत काढून ठेवा म्हणून? मदत कर, जरूर कर. फक्त आपली चूक आहे असं कबूल करून बसू नकोस.”

दुसऱ्या दिवशी सकाळीच लिफ्टवाला आला. कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून, आजारी लेकरू आणावं तसा दोन्ही हातांवर तोलून. मिशी आता पांढरी झाली होती. खुर्ची पुढे केली तरी तो टेकला नाही. आत्याने साहेबांचं बोलणं बाजूला ठेवलं आणि काय घडलं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. मी ठरवलं, मी लिहिलं, माझ्यामुळे पुसलं गेलं. आडपडदा न ठेवता.

तो खाली मान घालून ऐकत होता. मग म्हणाला, “आम्ही जुनी लिफ्ट बंद करतो ना बाई, तेव्हा आधी प्रत्येक मजल्यावर जाऊन बघतो. आत कुणी आहे का.”

तो रागाने बोलला नाही. आपल्या कामाची रीत सांगावी तसं सांगितलं, एवढंच. आत्याला मात्र त्याने दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पुसलेलं परत काढायची जी काही साधनं होती ती तिने तीन दिवस पालथी घातली. पण ‘हो’ दाबल्यावर तीन दिवस तो कॉम्प्युटर चालूच होता. नवरा-बायकोने पुन्हा पुन्हा गेम उघडून पाहिला होता, टूलकिट काढून परत टाकलं होतं. जुन्यावर नवं लिहिलं गेलं होतं. एक्केचाळीसपैकी एक आवाज हाती लागला. जेमतेम पाऊण सेकंदाचा.

त्याला बोलावून तिने तो वाजवला. श्शूक्.

“दार!” तो एकदम म्हणाला. “लिफ्टचं दार. तोंडाने काढला होता तिने. मी म्हटलं, अगं खऱ्या दाराचा आणून देतो की. तर म्हणाली, नको बाबा, तुमची दारं फार खडखडतात.” तो हसला आणि हसता हसता त्याचा चेहरा पार विस्कटला. “अजून एकदा लावता?”

तिने सहा वेळा लावला.

जाताना तो दारात घुटमळला. “घरी अजून सांगितलं नाही मी. तिला वाटतंय, कॉम्प्युटर दुरुस्त होऊन येईल की झालं. तुम्ही याल का? माझ्याच्याने नाही व्हायचं.”

आधी आत्याने दोन दिवस ठाण मांडून ती एकोणिसावी सोय नव्याने लिहिली. आता मूळ फाइलची प्रत निघाल्याशिवाय एका अक्षरालाही हात लागणार नव्हता, आणि काही वगळायचं असेल तर पडदाभर मोठ्या अक्षरांत विचारलं जाणार होतं. जुने आवाज वाचायची सोयही तिने परत घातली. महिनाभराचं म्हणून टाळलेलं काम नऊ तासांत झालं. ते नऊ तास तिला पुढे कितीतरी दिवस टोचत राहिले.

रविवारी दुपारी ती त्यांच्या घरी गेली. दोन खोल्या, भिंतीला लागून टेबल, त्यावर कॉम्प्युटरच्या आकाराची धूळ नसलेली चौकोनी जागा. भिंगरीची आई ठेंगणी, तुटक बोलणारी. आत्याने सांगितलं तसं तिने ऐकून घेतलं. रडली नाही. पदराने टेबल पुसलं, पुसलेलंच पुन्हा पुसलं.

“म्हणजे कधीच नाही?”

“कधीच नाही,” आत्या म्हणाली. “माफ करा म्हणायलाही मला तोंड नाही.”

मग लिफ्टवाल्याने चाचरत विचारलं, दुसऱ्या कुणाकडून तीच वाक्यं...

“नको,” आई म्हणाली. “दुसऱ्या कुणाचा आवाज नको माझ्या घरात.”

“लिहून दाखवली तर?” आत्याने विचारलं. “मजला आला की पडद्यावर नुसती अक्षरं. तिने म्हटलेली तशीच्या तशी.”

आईने नवऱ्याकडे पाहिलं. मग उभ्या उभ्याच सुरुवात केली. “पहिला मजला. बाबा, बूट पुसून आत या.” ती सांगत गेली, आत्या सोबत आणलेल्या लॅपटॉपवर टाइप करत गेली. कुठे ‘अहो बाबा’ आणि कुठे नुसतं ‘बाबा’, कुठे भिंगरी मध्येच हसायची, सगळं आईला तोंडपाठ. वर्षभर स्वयंपाकघरात उभं राहून तिने हेच तर केलं होतं. सहाव्या मजल्यापर्यंत ती एकदाही अडली नाही.

“सातवा मजला,” ती म्हणाली आणि थांबली.

“सातव्याला काय हो?” तिने नवऱ्याला विचारलं.

तो कपाळ चोळू लागला. “सातवा अवघड होता गं. तिथे वरून पेट्या पडायच्या. मी त्या चुकवण्यात असायचो. तू ऐकायचीस ना?”

“तेवढ्यात माझा नळ चालू असायचा. भांडी... काहीतरी लांब म्हणायची. लांब होतं ते. शेवटी हसायची.”

दोघांनी कितीतरी आठवून पाहिलं. चावी, छत्री, जिना. एकही शब्द बसेना. आई आता खाली बसली होती आणि त्या दुपारी पहिल्यांदाच रडत होती.

“सातवा रिकामा ठेवू का?” आत्याने हळूच विचारलं.

“ठेवा,” आई म्हणाली. “पण मजला काढून टाकू नका.”

आत्याने तिथे नुसतं ‘सातवा मजला.’ एवढंच लिहिलं आणि आठव्याकडे वळली.