मानपानाची मोटारसायकल

संध्याकाळ कलली की त्या वळणावर माणसं जमायला लागायची. कुणी घरातून स्टूल आणायचं, कुणी कुंपणाच्या भिंतीवर पाय सोडून बसायचं, आणि उशिरा येणारा पुढे बसलेल्यांना हमखास विचारायचा, "झालं का? बंद पडली का?" एवढी गर्दी कशासाठी, तर एक जुनी मोटारसायकल बंद पडताना बघण्यासाठी.

मोटारसायकल नर्सबाईची. दवाखान्यातली ही नर्स घरोघरच्या अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना इंजेक्शनं देऊन याच गल्लीतून परतायची. दिवसभर गाडी गुणी लेकरासारखी धावायची आणि डावीकडच्या काटकोनी वळणाशी आली, वेग कमी केला, हँडल वळवलं की खटकन गप्प. ना इंजिन, ना दिवा, ना हॉर्न. वळणावरचं पहिलं घर होतं पोस्टमनचं. पोस्टमन मागच्या वर्षी तापाने गेला होता. आणि गाडी मुळात त्याचीच होती. त्याच्या बायकोने ती नर्सबाईला विकली होती.

"आला गं बाई, पोस्टमन घरी आला!" भिंतीवरून कुणीतरी ओरडायचं आणि पुढच्या रांगेतल्यांच्या अंगावर काटा उभा राहायचा.

मग गर्दीतून वाट काढत यायचे मौनीबाबा. या बाबांनी म्हणे कुठल्याशा डोंगरात पुष्कळ वर्षं मौन पाळलं होतं, आणि आता ते व्याजासकट वसूल करत होते.

"चपला काढा! सगळ्यांनी काढा!" बाबांचा पट्टा सुरू व्हायचा. "आत्मा दाराशी उभा आहे. त्याला मान हवाय, मान! मान मिळाला नाही की आत्मा रुसतो, आत्मा रुसला की वीज आटते, वीज आटली की चाक थांबतं. हे विज्ञान आहे, पण पुस्तकात छापत नाहीत!"

बोलता बोलता बाबा गाडीभोवती फेरी मारायचे, दोन्ही हातांनी हँडल धरायचे आणि ते हळूहळू सरळ करत म्हणायचे, "घराकडे बघू नकोस बाळा, समोर बघ. मोह सोड." मग नर्सबाईला हुकूम सुटायचा, "मार किक!" आणि पहिल्याच किकला गाडी सुरू. टाळ्यांचा कडकडाट व्हायचा.

सुरुवातीला नर्सबाईला याची गंमतच वाटली होती. नाहीतरी तिला गाडी ढकलायला माणसं लागायची, ती आयतीच मिळत होती. त्याआधी ती गाडी घेऊन मिस्त्रीकडे जाऊन आली होती. मिस्त्रीने बॅटरी बदलली, प्लग बदलला, फ्यूज बदलला. बदलायला आणखी काही उरलं नाही तेव्हा त्याने डोकं खाजवलं. गाडी गॅरेजात मधल्या स्टँडवर ऐटीत उभी असायची आणि एका किकला सुरू व्हायची.

"बाई, रोग दिसला तर औषध देईन ना!" मिस्त्री म्हणाला होता. "माझ्यासमोर तर ही ठणठणीत असते."

बाबा आल्यावर मिस्त्रीच्या जिवात जीव आला. गाडीत भूत असेल तर मिस्त्रीचं काही चुकलं नव्हतं. तो बाबांचा पहिला भक्त झाला आणि गाडी बंद पडली की सर्वांच्या आधी चपला काढू लागला.

गंमत संपली ती पोस्टमनची बायको दवाखान्यात येऊन रडली त्या दिवशी. चौकातल्या शिंप्याने तिला लग्नाचं विचारलं होतं. शिंपी मितभाषी, बायको जाऊन बरेच दिवस झालेला, गळ्यात कायम टेप. तिलाही तो आवडला होता. पण तिचा थोरला दीर बाबांना घरी घेऊन आला आणि बाबांनी निवाडा दिला, की पोस्टमन रोज दाराशी थांबतो तो बायकोवर लक्ष ठेवायला. येत्या रविवारी तिने वळणावर, गाडीसमोर, सगळ्यांदेखत शपथ घ्यायची: लग्न करणार नाही, थोरल्या दिराच्या घराबाहेर पाऊल टाकणार नाही.

"हे गेल्यापासून भाऊजींच्या घरी स्वयंपाक मीच करते, धुणं मीच, सासूबाईंचं पथ्यपाणी मीच," ती डोळे पुसत म्हणाली. "त्यांना मी जायला नकोच आहे, ते कळतं मला. पण ताई, गाडी तर खरंच थांबते हो. मला आता रात्रीची झोप लागत नाही."

नर्सबाईचं डोकं फिरलं. मेलेल्या माणसाच्या नावावर एका जिवंत बाईला जन्माची मोलकरीण करायला निघाले होते, आणि त्यासाठी गाडी नर्सबाईचीच वापरत होते.

त्याच रागात ती गाडी काढायला निघाली. दवाखान्यामागची शेड अरुंद. पाण्याच्या टाकीला वळसा घालून बाहेर यायचं तर हँडल डावीकडे पार शेवटपर्यंत वळवावं लागायचं. एरवी ती गाडी नुसती ढकलत बाहेर काढायची. आज रागाच्या भरात आतच किक मारली, टाकीशी वळली, आणि गाडी खटकन गप्प झाली.

नर्सबाई थबकली. इथे पोस्टमनचं काय काम? जिवंतपणी तर तो सुईच्या भीतीने दवाखान्याची टपालं फाटकावरूनच आत फेकायचा!

रुग्ण 'कधी कधी दुखतं' म्हणाला, की 'कधी' ते शोधायचं, हे तिला पहिल्या वर्षी शिकवलं होतं. उठताना का बसताना, वाकताना का वळताना? आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची. तिने किल्ली चालूच ठेवली आणि हॉर्नच्या बटणावर अंगठा दाबून धरला. हँडल सरळ केलं: पीऽऽप. उजवीकडे वळवलं: पीऽऽप. डावीकडे पार वळवलं: चिडीचूप. पुन्हा सरळ: पीऽऽप. दवाखान्यातले डॉक्टर खिडकीतून ओरडले तरी तिने अंगठा काढला नाही. मग ती गुडघ्यांवर बसून हेडलाइटच्या मागे बघू लागली आणि हसू लागली. हसता हसता तिच्या डोक्यात एक खोडी शिरली.

रविवारी वळणावर मुंगी शिरायला जागा नव्हती. बाबा आज नवी कफनी घालून आले होते. थोरला दीर मध्यभागी हात बांधून उभा होता, पोस्टमनची बायको खाली मान घालून त्याच्या शेजारी, आणि शिंपी दुकान उघडं टाकून गर्दीच्या कडेला. नर्सबाई आली, वळली, गाडी गप्प झाली. बाबांनी मान मागितला, हँडल सरळ केलं, गाडी सुरू झाली. टाळ्या पडल्या.

"आता शपथ!" थोरला दीर म्हणाला.

"थांबा जरा," नर्सबाई गिअर टाकून इंजिन बंद पाडत म्हणाली, पण किल्ली चालूच ठेवली. "शपथ पोस्टमनभाऊंसाठी आहे ना? मग त्यांनाच विचारू की. हॉर्न वाजला तर 'हो', नाही वाजला तर 'नाही'. महाराज, चालेल ना?"

बाबांना एवढा मोठा होकार देणारा आत्मा आयता मिळत होता. त्यांनी मान डोलावली.

नर्सबाईने हलकेच हँडल पार डावीकडे वळवलं, मग बटणावर अंगठा ठेवला, आणि अंगठा दाबलेलाच आहे हे सर्वांना वाकून वाकून दाखवलं. मग विचारलं, "पोस्टमनभाऊ, बायकोच्या लग्नाला तुमची हरकत आहे का हो?"

चिडीचूप.

"हरकत नाही म्हणतात. बरं, मग वहिनींनी लग्न करावं का?" हँडल सरळ झालं.

पीऽऽप!

हँडल पुन्हा डावीकडे गेलं. "थोरले भाऊ स्वतःचे कपडे स्वतः धुतील का?" चिडीचूप. मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं.

"आता शेवटचं. मौनीबाबा थापा मारतात का?" हँडल सरळ झालं.

पीऽऽऽऽऽप! हा हॉर्न जरा जास्तच लांबला.

पण पुढे घडलं ते नर्सबाईने गृहीत धरलंच नव्हतं. हशा पिकायच्या ऐवजी पुढच्या रांगेतली एक म्हातारी हात जोडून तिच्या पाया पडायला धावली. "बाईंच्या अंगात सिद्धी आहे! बाबांपेक्षा मोठी!" मिस्त्री तर चपला काढून केव्हाच तयार होता. थोरल्या दिराचं तोंड पडलं होतं. क्षणभर नर्सबाईला मोह झाला. काम तर फत्ते झालं होतं. गप्प बसलं तरी लग्न होणार होतं.

तेवढ्यात पोस्टमनची बायको पुढे झाली. तिचं बोलणं सगळ्यांना ऐकू गेलं. "ताई, त्यांनी हो म्हटलं तरी मला नको. मेलेल्या माणसाच्या परवानगीने मी लग्न करणार नाही. उद्या कुणी दुसरा येईल आणि सांगेल, त्यांचं मत बदललं. मग मी काय करू?"

नर्सबाई ओशाळली. आपल्यापेक्षा हिचं डोकं ताळ्यावर आहे, असं तिला वाटलं.

"बरोबर बोललीस," ती म्हणाली. "ऐका सगळ्यांनी. पोस्टमन बोलला नाही, सिद्धीबिद्धी काही नाही, हे सगळं मी केलं. मिस्त्री, इकडे या आणि आधी चपला घाला."

तिने सगळ्यांसमोर हँडल डावीकडे, उजवीकडे करून दाखवलं. मग हेडलाइटमागे बोट घातलं. "महाराज म्हणायचे, गाडीला मान हवा. चुकलं थोडं. दुखणं गाडीच्या मानेत आहे! इथे, जिथे हँडल फिरतं, तिथून किल्लीची वायर जाते. ती सुतळीने इतकी आवळून बांधली आहे, की डावीकडे वळलं की ताणली जाते. ताण खाऊन खाऊन आतली तार तुटली. वरचं प्लास्टिक शाबूत, म्हणून कुणाला दिसत नाही. हँडल सरळ असलं की तुटलेली टोकं टेकतात आणि गाडी चालते. डावीकडे वळलं की टोकं सुटतात आणि गाडी मरते. तुमच्या गॅरेजात ती सरळ मानेने उभी असते मिस्त्री, म्हणून ठणठणीत. आणि एवढं डावं वळण गावात एकच आहे, ते नेमकं यांच्या दारापुढे."

"सुतळी मी पाहिली होती," मिस्त्री पुटपुटला. "पण म्हटलं, गेलेल्या माणसाच्या हातची गाठ, आपण कशाला सोडा!"

बाबा हार मानणारे नव्हते. "वायर आत्म्यानेच तोडली!" ते गरजले.

"मग आत्म्याला सांगा जोडायला. हँडल डावीकडेच ठेवायचं आणि किक मारायची. या."

बाबांनी कफनी खोचली आणि किक मारली. पुन्हा मारली. मान देण्यासाठी चपला काढलेल्या होत्याच; चौथ्या किकला अनवाणी पाय घसरला, किकचा दांडा उलटून त्याच पायावर बसला आणि बाबा एका पायावर नाचू लागले. आता मात्र हशा पिकला. त्या दिवसापासून बाबांनी खरोखरच मौन धरलं, निदान आमच्या गल्लीपुरतं तरी.

पोस्टमनची बायको तोवर गाडीपाशी वाकली होती. "ही गाठ त्यांचीच," ती म्हणाली. "पार्सलं बांधायचे ना, अशीच. घरातलं सगळं सुतळीने बांधायचे, बादलीची कडीसुद्धा." तिला हसू आलं आणि त्याबरोबर रडूही आलं. वर्षभर जो माणूस भूत होऊन तिच्या मानगुटीवर बसवला होता, तो तिला पुन्हा आपला साधाभोळा, सुतळीवेडा नवरा वाटला. शिंपी पुढे आला आणि त्याने खिशातली कात्री तिच्यापुढे धरली. सुतळी तिने स्वतः कापली. मिस्त्रीने तिथेच वायर सोलून जोडली, आणि गाडी पूर्ण डावीकडे वळलेली असताना सुरू झाली.

"पण लोक काय म्हणतील?" थोरला दीर शेवटचा प्रयत्न म्हणून बोलला.

"भाऊजी," ती म्हणाली, "लोकांना मी सांगते काय म्हणायचं ते. तुम्ही उद्यापासून सासूबाईंची औषधं कधी द्यायची ते शिकून घ्या."

तर मंडळी, यंत्र अधूनमधून बिघडतं, शरीर अधूनमधून दुखतं, आणि 'अधूनमधून' या शब्दातच भोंदूंचं घर असतं. म्हणून पुढच्या वेळी चमत्कार दिसला, की हात जोडण्याआधी तो दुसरीकडेही घडतो का ते करून बघा. आणि त्याहून आधी, शपथ घ्यायला उभ्या केलेल्या माणसाकडे बघा. हा चमत्कार खरा ठरला तर याच्याकडून काय काढून घेतलं जाणार आहे, आणि ते कुणाच्या घरात जाणार आहे, एवढंच विचारा.