अर्गीरिसच्या जाग्या दुपारी

आमच्या इमारतीत दुपारी तीन ते साडेपाच या वेळात कुणी आवाज केला तर मी काय करते, हे व्होलोस शहराच्या या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. आधी झाडूच्या दांड्याने छतावर तीन ठोके. मग लिफ्टमध्ये नावानिशी सूचना. तरीही ऐकलं नाही तर सरळ पोलिसांना फोन, कारण दुपारच्या विश्रांतीच्या वेळेचा कायदा माझ्या बाजूचा आहे. एकोणीस वर्षं या आठ घरांचा कारभार माझ्याकडे आहे. जिन्यातले दिवे, लिफ्टची दुरुस्ती, सगळ्यांच्या जादा चाव्या, सगळं मीच बघते. पण मला खरा अभिमान होता तो आमच्या दुपारच्या शांततेचा. शेजारच्या इमारतीत चार वाजता रेडिओ बोंबलतो. आमच्याकडे माशीसुद्धा दबकत उडायची.

त्यामुळे ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी दुपारी साडेतीनला माझ्या डोक्यावर हातोडा पडायला लागला, तेव्हा आधी मला ते स्वप्नच वाटलं.

माझ्या वर अर्गीरिस राहतो. अठ्ठावन्न वर्षांचा, लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर. त्याची बायको मेल्पो जाऊन दीड वर्ष झालं होतं. माणूस इतका सरळ की खुर्ची सरकवायची तर उचलून सरकवणार. ऑगस्टपासून पाठदुखीच्या रजेवर घरीच होता, निदान सगळ्यांना त्याने तसं सांगितलं होतं. सोमवारी मी दांडा वापरला. मंगळवारी सूचना लावली. बुधवारी सपाता पायात सरकवल्या आणि फोन हातात घेऊन वर गेले.

त्याने दार उघडलं. केस पाण्याने निथळत होते, डोळे लाल, हातात हातोडा. मागे स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक फळी होती, सगळी भोकाभोकांची.

"काय लावलंयस हे, अर्गीरिस? कपाट करतोयस का शवपेटी?" बोलून गेले आणि जीभ चावली. मेल्पोची शवपेटी याच जिन्यातून उतरली होती.

"काहीच करत नाहीये, आसिमीनाबाई. खिळा ठोकतो, उपटतो, परत ठोकतो."

"कशासाठी?"

"झोप लागू नये म्हणून."

मी तशीच आत शिरले आणि खुर्चीत बसले. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पाठ ठणठणीत होती. ऑगस्टमध्ये लारिसाच्या रस्त्यावर चालत्या बसमध्ये त्याचा डोळा लागला होता. बस कठड्याला घासली. कुणाला ओरखडासुद्धा आला नाही, पण त्याने स्वतःच बस थांबवली आणि ऑफिसला कळवलं. त्यांनी रजेवर पाठवलं. नोव्हेंबरच्या चार तारखेला डॉक्टर तपासणार होते. झोप जागेवर आली असेल तर स्टिअरिंग, नाहीतर कायमचं घर.

"मेल्पो गेल्यापासून रात्री झोप नाही," तो म्हणाला. "पहाटेपर्यंत छताकडे बघत पडतो. मग दुपारी मेल्यासारखा झोपतो, संध्याकाळी टीव्हीसमोर पेंगतो, आणि रात्री परत टक्क जागा. मानसिक आरोग्य केंद्रात जातोय आता. तिथल्या मुलीने कागद दिलाय. रात्री बाराच्या आधी पलंगाला हात लावायचा नाही. सकाळी सहाला उठायचं, रात्र कशीही गेलेली असो. आणि दिवसा झोपायचं नाही. एक मिनिट नाही. बाकी सगळं जमतं हो, पण ही दुपार खाते मला."

"मग बाहेर जाऊन ये की."

"कुठे? चार वाजता सगळ्या गावाची शटरं खाली. परवा बंदरावर एकटाच फिरत होतो, तर कोळ्याने विचारलं, कुणाकडे मयत झाली का?"

आणि वर आमचं प्रेम होतंच. बिचारा एकटा म्हणून बरोबर दोन वाजता कुणी ना कुणी त्याच्याकडे जेवण पाठवायचं. मॅकरोनी-खिम्याचा ट्रे, बटाट्यांबरोबर भाजलेली कोंबडी, आणि दर मंगळवारी माझे तेलात न्हालेले घेवड्याचे दाणे. एवढं खाऊन बैलसुद्धा आडवा झाला असता. दीड वर्ष आम्ही बाकीच्या सात घरांनी मिळून त्या माणसाला दुपारी झोपवत होतो आणि वर पुण्य मोजत होतो.

"हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"कुणाला नाही, आणि सांगूही नका," त्याने हात जोडले. "म्हणतील, अर्गीरिस वेड्यांच्या डॉक्टरकडे जातो. मग वेड्याच्या बसमध्ये कोण बसणार?"

मी शब्द दिला. दुसऱ्या दिवशी साडेतीनला ताव्लीचा, आमच्या फासे-सोंगट्यांच्या खेळाचा, पट काखेत मारून वर गेले. मला कुणी संत समजू नये. जिना चढताना मी त्याला, त्या केंद्रातल्या मुलीला आणि बसचा शोध लावणाऱ्याला शिव्या देत होते. सहासष्ट वर्षं मी दुपारी झोपले आहे.

ताव्ली हळू खेळता येत नाही. फासे लाकडावर खडखडणारच, सोंगटी आपटल्याशिवाय डाव जिंकल्यासारखं वाटतच नाही. अर्गीरिसची मान कलली की मी टेबलावर थाप मारायची. तरी कलली तर मानेवर गार पाणी. खेळून हात दुखले की त्याला उभं करायची आणि खोलीत चकरा मारायला लावायची. दोन वाजताचे ट्रे मी परस्पर माझ्या दारातच अडवत होते. "तो झोपलाय, मी देते नंतर," असं सांगायची. आठवड्यात माझा स्कर्ट कमरेला लागेना.

मी बोलायची मात्र सतत. माझे आईवडील, माझी शाळेतली नोकरी, ऑस्ट्रेलियाला जाऊन बसलेला भाऊ, सगळं त्याला ऐकवलं. एका दुपारी बोलता बोलता लक्षात आलं की साडेपाच कधीच होऊन गेलेत. मला रडू आलं. इतकी वर्षं मी दुपारची शांतता राखत होते, कारण त्या वेळात कुणी माझ्या घरी येत नाही हे दिसून येत नव्हतं. सगळ्यांचीच दारं बंद असली की आपलं बंद दार टोचत नाही.

रात्री मात्र तितक्या भराभर सुधारत नव्हत्या. पहिल्या आठवड्यात दोन तास झोप, एखाद्या रात्री तीन. एकदा सलग चार तास लागली म्हणून तो सकाळी गुणगुणत ब्रेड घेऊन आला, आणि दुसऱ्याच रात्री पुन्हा शून्य. "जाऊ दे हो, माझ्याच्याने नाही होणार," तो म्हणाला, तेव्हा मी फासे त्याच्या हातात कोंबले.

मग बैठक आली. दरवर्षी ऑक्टोबरमध्ये आम्ही तळमजल्यावर खुर्च्या मांडून हिवाळ्यात रेडिएटर कधी सुरू करायचे यावर भांडतो. या वेळी पहिला विषय मीच होते. अर्गीरिसच्या भिंतीला लागून राहणारी थेओपिस्ती उभी राहिली. सत्तरीची बाई, शिवणकाम करते, कात्रीसारखंच बोलते.

"आम्हाला चमचा पडला तरी सूचना लावतात," ती म्हणाली, "आणि कारभारीणबाई स्वतः रोज दुपारी दोन-दोन तास वरती, विधुराच्या घरी! आतून ठोके काय, हसणं काय, परवा तर बाई ओरडत होत्या, 'अरे असा ढिला पडू नकोस!' भिंतीपलीकडे माणसं राहतात म्हटलं."

एकच हशा पिकला. माझे कान तापले. उत्तर होतं, पण ते माझं नव्हतं, आणि मी शब्द दिला होता.

"दुसरा कारभारी नेमा," मागून कुणीतरी म्हणालं.

तेव्हा अर्गीरिस उठला. खुर्ची उचलून बाजूला ठेवली, नेहमीसारखी.

"मला झोप येत नाही," तो म्हणाला. "दीड वर्ष झालं. माझी पाठ दुखत नाही, मी खोटं बोललो. चालत्या बसमध्ये डोळा लागला माझा. आता मानसोपचाराला जातो, दर गुरुवारी. ही बाई मला दुपारी जागं ठेवते, म्हणजे रात्री झोप लागेल. तिला काढायचं असेल तर आधी मला काढा."

थेओपिस्ती उभीच होती.

"रात्री तीनला स्वयंपाकघरातला नळ सोडतोस, तो तूच?" तिने विचारलं.

"हो. पाणी पितो. त्रास होतो का तुम्हाला?"

"त्रास कसला?" ती खाली बसली. "नळ वाजला की मला बरं वाटायचं. वाटायचं, चला, या इमारतीत मी एकटीच जागी नाही."

मग जे सुरू झालं ते थांबेना. पहिल्या मजल्यावरचा निवृत्त कर्नल म्हणाला, मी अकरा वर्षं झोपेची गोळी घेतोय, बायकोला सांगितलंय की व्हिटॅमिन आहे. बायको म्हणाली, मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. रेडिएटरचा विषय तसाच राहिला. निघताना थेओपिस्ती माझ्या खांद्याला खांदा घासत म्हणाली, "बुधवार-शनिवार मी बसते त्याच्यासोबत. तू झोप थोडी, भूत दिसतेस." माफी मागायची तिची हीच रीत.

त्यानंतर दुपारी त्याच्या घरी कुणी ना कुणी असायचंच. कर्नल त्याला बंदरावर चालायला न्यायचा. दोघं असले की कुणी काही विचारत नाही. झोप चार तासांवर आली, मग पाचावर जाऊन अडली. तपासणीला आठ दिवस राहिले होते.

सहा वाजता अर्गीरिस खिडकीचं शटर वर ओढतो, ते मला खाली पलंगात ऐकू येतं. त्या सोमवारी सहा वाजले, आवाज नाही. साडेसहाला नाही. सात वाजले. मी फोन केला. वर तो वाजत राहिला आणि बंद झाला. एकटा माणूस, बायको गेलेली, नोकरी टांगणीला. मनात जे येऊ नये तेच आलं. त्याची चावी शोधताना माझ्या हातून सगळ्या चाव्या जमिनीवर सांडल्या. जिना कसा चढले आठवत नाही.

दार उघडलं. आतून घोरणं येत होतं.

तो कुशीवर पडला होता, तोंड उघडं, एक पाय पांघरुणाबाहेर. घड्याळ उशाखाली दबून केव्हाच गप्प झालेलं. मी दाराची चौकट धरून उभी राहिले आणि देवाचे आभार मानले. दुसरं कुणी असतं तर हळूच दार ओढून गेलं असतं. पण कागद भिंतीवर होता: सकाळी सहा, रात्र कशीही गेलेली असो. मी शटर खाडकन वर ओढलं, पांघरूण खेचलं.

"ऊठ! सात वाजून दहा मिनिटं झाली!"

"काय कटकट आहे!" त्याने उशी डोक्यावर ओढली. मग एकदम उठून बसला. ऊन थेट पलंगावर आलं होतं. त्याने बोटं मोजली, चुकली असतील म्हणून पुन्हा मोजली.

"सात तास," तो हळूच म्हणाला. मग डोळे भरून आले तसा माझ्यावरच ओरडला, "मग उठवलंत कशाला हो!"