मंगळवारपर्यंत

केशवकाकाजी मेले त्या दिवशी आमच्या गळ्यात हार होते. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी स्वतःला कितीही सावरून घेतलं तरी तुमची फसगत व्हायची नाही.

मोहाडी तालुक्यातल्या आमच्या गावात सहकारी भात गिरणी आहे. भात कमी भरडते, राजकारण जास्त. संचालक नऊ. गेल्या निवडणुकीत तीन बाबूलालचे आले, तीन इश्वरचे आणि तीन आम्ही. बाबूलाल आणि इश्वर एकमेकांचं तोंड पाहायला तयार नव्हते. अध्यक्षपदासाठी तिघे उभे राहिले, तिघांनाही तीन-तीन मतं पडली आणि शेवटी चिठ्ठी टाकावी लागली. शाळेतल्या एका पोरीनं ती उचलली आणि नाव निघालं आमच्या पुंडलिकरावांचं. नऊत तीन, असं आमचं सरकार गादीवर बसलं.

सरकार म्हटलं की मंत्रिमंडळ आलं. मी, भूषण, सहा वर्षं स्पर्धा परीक्षा देऊन नापास झालेला, म्हणून मला कायदा खातं. केशवकाकाजींना बारदाना, म्हणजे धानाची रिकामी पोती. काकाजी बौद्ध मोहल्ल्यातले, राखीव जागेवर निवडून आलेले. पुंडलिकरावांना त्या जागेसाठी नाव हवं होतं आणि काकाजींचं नाव सत्तर वर्षं स्वच्छ होतं. "आमच्या घरी केशवले वेगळा कप नाही," असं पुंडलिकराव चारचौघांत सांगायचे. एवढंच होतं तर सांगायचं कशाला, हे मी कधी विचारलं नाही. मंत्री होतो ना.

काकाजींनी मात्र ते खातं खरं मानलं. गोदामाची चाबी करदोड्याला बांधली. उंदरांनी कुरतडलेली पोती ते दाभण-सुतळी घेऊन स्वतः शिवत बसायचे. माझ्या पहिल्या परीक्षेला एसटीचा संप होता, तेव्हा याच माणसानं मला सायकलवर डबल सीट भंडाऱ्यापर्यंत नेलं होतं आणि पेपर सुटेपर्यंत ते माझा डबा मांडीवर घेऊन झाडाखाली बसून राहिले होते. त्यांना मूलबाळ नव्हतं. विमलाकाकू मला पोरगाच म्हणायच्या.

पाचव्या महिन्यात एका लग्नाच्या पंगतीत बाबूलाल आणि इश्वर यांचं गूळपीठ जमलं. सहा जण एकत्र झाले आणि अविश्वास ठराव आला. तारीख मंगळवार, सकाळी अकरा.

पुंडलिकरावांचं अवसान गळालं. मी पोटनियमांचं पुस्तक उघडलं. अध्यक्ष काढायला पदावरच्या संचालकांपैकी तीन चतुर्थांश लागतात. नवाचे तीन चतुर्थांश पावणेसात, म्हणजे सात. त्यांच्याकडे सहाच. आणि एकदा ठराव पडला की सहा महिने दुसरा आणता येत नाही.

"म्हणजे आपण काही नाही केलं तरी चालते?" पुंडलिकराव म्हणाले.

"नुसतं नऊ जण राहायले पायजे," मी म्हणालो. "आठ झाले तर सहा पुरतात."

हे मी बुधवारी बोललो. शुक्रवारी काकाजींच्या छातीत पाणी भरलं. भंडाऱ्याला एका खाजगी दवाखान्यात नेलं, आणि संध्याकाळपर्यंत घशात श्वासाची नळी गेली. नळी घालायच्या आधी ते काकूंना एवढंच म्हणाले होते, "मेलो त घरीच. इथं नको ठेवजो मले."

शनिवारी पुंडलिकरावांच्या ओसरीवर बसलो असताना मला माझं ज्ञान पाजळायची हुक्की आली. परीक्षेसाठी वाचलेलं कधीतरी कुठेतरी वापरायचं होतंच. मी त्यांना आयर्लंडची गोष्ट सांगितली. १९८२ साली तिथं असंच अल्पमतातलं सरकार होतं. त्यांचा एक सदस्य वारला, दुसरा हृदयाच्या झटक्यानं दवाखान्यात पडला, तेवढ्यात विश्वासाचं मतदान आलं आणि सरकार दोन मतांनी गेलं. नऊ महिने टिकलं बिचारं.

पुंडलिकराव सुपारी कातरत होते. ते थांबले.

"त्या लोकायले एक माणूस चार दिवस जगवता आला नाही काय?"

मी हसलो. खरंच हसलो, कारण मला ते हुशारीचं वाटलं.

रविवारी सकाळी काकूंचा फोन आला. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता काही उरलं नाही, न्यायचं असेल तर घरी न्या, नळी काढल्यावर तास-दोन तास जातील. "कागदावर सही करून देतो मी," काकू म्हणाल्या. "तू गाडी पाय ना गा, भूषण. त्यायले घरी आणतो. आंगणात खाट टाकून ठेवली शेजारणीनं."

मी गाडी पाहिली नाही. पुंडलिकरावांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, शांतपणे तोंडात सुपारी टाकली आणि म्हणाले, "मंगळवारी बारा वाजेपर्यंत नळी राहिली पायजे. कशी, ते कायदेमंत्र्यानं पाहावं."

त्यांनी मला खोटं बोलायला सांगितलं नाही. खोटं माझं स्वतःचं होतं, मोटरसायकलवर बसून भंडाऱ्याच्या रस्त्यात जुळवलेलं.

काकू अतिदक्षता विभागाच्या दाराशी जमिनीवर बसल्या होत्या. मांडीवर पिशवी, पिशवीत काकाजींचा धुतलेला पांढरा सदरा, घरी न्यायच्या वेळी घालायला. हातात दवाखान्याचा कागद. सही अजून व्हायची होती.

"काकू, नागपूरचे मोठे डॉक्टर येऊन राहिले मंगळवारी," मी म्हणालो. "छातीचेच आहेत. मी बोललो त्यायच्याशी. तोवर नळी नका काढू."

दोन दिवसांत त्या बाईनं रडून घेतलं होतं आणि मन घट्ट केलं होतं. मी ते परत उघडलं.

"बरे होतीन काय रे ते?"

"होतीन."

त्यांनी कागदाची घडी केली आणि पिशवीत सदऱ्याखाली ठेवली. मग पदरानं तोंड पुसून मला म्हणाल्या, "तू जेवला काय?"

मंगळवारी अकराला सभा भरली. बाबूलालनं विचारलं, केशवराव कुठं आहेत. मी उभा राहून सांगितलं, केशवराव हयात आहेत, पदावर आहेत, उपचार घेत आहेत. दवाखान्याचा सकाळचा दाखला मी आणलाच होता. सहा हात वर झाले. सातवा झाला नाही. सहकार खात्याच्या अधिकाऱ्यांनी ठराव नामंजूर झाल्याचं लिहून घेतलं, आणि बाहेर गुलाल तयार होता.

बारा वाजता काकूंचा फोन आला. ढोलाच्या आवाजात मला नीट ऐकू येईना, म्हणून मी गिरणीच्या मागं गेलो.

"डॉक्टर नाही आला गा अजून."

"रस्त्यात आहे, काकू."

दोन वाजता परत आला, मी उचलला नाही. तीनला आला, उचलला नाही. काकाजी चारला गेले. त्यांच्या अंगणातल्या खाटेवर त्यांना आणलं तेव्हा नळी निघालेली होती, देह थंड. पांढरा सदरा अंगात होता. पुंडलिकराव कपाळावरचा गुलाल पुसून आले आणि बाहेर पडताना माझ्या कानाशी म्हणाले, "मोठा माणूस. सहा महिने देऊन गेला."

सहा महिने कुठले. आठात आम्ही दोघे उरलो होतो, एकही ठराव पुढे जाईना. सतराव्या दिवशी पुंडलिकरावांनी बाबूलालशी हातमिळवणी केली. अध्यक्षपद बाबूलालला, उपाध्यक्षपद पुंडलिकरावांना. कायदा खात्याला कोणी कळवलंसुद्धा नाही, मला ते पानठेल्यावर समजलं. आयर्लंडचे निदान नऊ महिने राहिले, आमचं सहाव्या महिन्यात आटोपलं. जाण्याआधी सरकारनं एक काम केलं होतं, केशवरावांच्या निधनानं संस्थेची अपरिमित हानी झाल्याचा शोकठराव. तो मीच लिहिला होता.

पानठेल्यावर समजलं त्याच संध्याकाळी मी काकूंकडे गेलो, सगळं सांगून टाकायला. पश्चात्ताप होता, नाही म्हणत नाही. पण अर्धा राग पुंडलिकरावांवरचा होता. त्यांची गावभर बदनामी व्हावी आणि ती काकूंच्या तोंडून व्हावी, असा माझा हिशेब होता.

काकू चुलीपुढं बसल्या होत्या. बस म्हणाल्या. मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्याच बोलल्या.

"तू आला ते बरं झालं. तुले एक इचाराचं होतं. दुसऱ्या कोणाले इचारू शकत नाही मी."

"इचारा ना, काकू."

"सोमवारी त्यायनं डोळे उघडले होते. सारखा हात नळीकडं नेत. ओढून काढाचीच होती त्यायले. माह्याकडं पायत. मले समजत होतं काय म्हणून राहिले ते. घरी ने म्हणत होते." त्यांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. "मीच नर्सले सांगतलं, हात बांधा. तिनं पट्टीनं दोन्ही हात खाटेले बांधले. मी त्यायच्या कानात म्हणली, मंगळवारपर्यंत थांबा, मंगळवारी डॉक्टर येते, भूषणनं सांगतलं. मंग त्यायनं माह्याकडं पायलंच नाही. शेवटपर्यंत नाही पायलं."

काकूंनी फुंकणी उचलून जाळ फुंकला.

"डॉक्टर वेळेवर आला असता त वाचले असते. म्हणून म्हणतो. मी बरोबर केलं ना, भूषण?"

मी जे सांगायला आलो होतो ते माझ्या जिभेवर होतं, आणि आता ते सांगायची सोय मीच ठेवली नव्हती.

"बरोबर केलं, काकू."

"मंग ठीक आहे," त्या म्हणाल्या. त्यांनी कोनाड्यातून चाबी काढून माझ्या हातात दिली. दवाखान्यात कापलेल्या करदोड्याचा काळा तुकडा अजून तिच्यात होता. "गिरणीत देऊन देजो. पोते मोजून घ्या म्हणा, एकही कमी नाही."

मग त्यांनी चहा टाकला. मी तो सगळा प्यालो.