आधी एक कच्ची चकती

मित्रांनो, मी एक जुनी सुरी आहे आणि माझा कुणावरही चटकन विश्वास बसत नाही. याला माझा स्वभावदोष म्हणू नका, धंदाच तसा आहे. बाहेरून लालबुंद दिसणारा टोमॅटो आत काळा निघतो, गुळगुळीत वांग्यात अळी मजेत बसलेली असते, आणि हे सगळ्यांच्या आधी मला दिसतं. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, असं लोक नुसतं म्हणतात. मी ते रोज कापून पाहिलेलं आहे.

एका लोहाराने मोडक्या करवतीच्या पात्यापासून मला घडवलं आणि लाकडी मूठ बसवली. मला विकत घेणारी बाई एका कारखान्याच्या खाणावळीत स्वयंपाकीण होती. तिने माझी धार पाहिली, पातं वाकवून पाहिलं, दुकानदाराला खोदून खोदून विचारलं, तेव्हा कुठे पैसे काढले. बाई आपल्याच जातकुळीची आहे हे मी तिथेच ओळखलं.

खाणावळीत तिचा एक नेम होता. काकडी, दुधी, भोपळा, काहीही चिरायला घेतलं की देठाकडची एक पातळ चकती माझ्याकडून कापून घ्यायची आणि कच्चीच जिभेवर ठेवायची. गोडसर लागली तर पुढची चिराचिरी. कडू लागली तर थुंकायची, चूळ भरायची आणि ते फळ सरळ कचऱ्यात. कडू भोपळा शिजवला तरी त्यातलं विष जात नाही, हे तिला ठाऊक होतं. "माणसं आपल्या भरवशावर पानावर बसतात," असं ती हाताखालच्या बायकांना सांगायची. त्या बायका माझ्या धारेचं फार कौतुक करायच्या. ते माझे सुखाचे दिवस होते.

पुढे तिचे गुडघे दुखायला लागले. तिने खाणावळ सोडली आणि मला फडक्यात गुंडाळून घरी आणलं. घरात बस चालवणारा मुलगा, कपडे शिवणारी सून आणि छकुली नावाची नात. आता तिला मीही सासूबाईच म्हणेन, कारण घरात तिचं पद तेच होतं.

सूनबाईंनी स्वयंपाकघरासाठी चकचकीत नवी सुरी आणली. मला वाटलं, नव्याचे नऊ दिवस. पण ती ठाण मांडून बसली आणि माझी रवानगी मागच्या दाराशेजारच्या खिळ्यावर झाली. परसबागेतल्या वेलीवरचं फळ तोडायचं, एवढंच काम मला उरलं. सूनबाईंनी हे मुद्दाम केलं असा माझा संशय होता. सासूबाईंनाही तसंच वाटत असावं, कारण त्या भोपळा चिरायला घेतला की हटकून मलाच उतरवून आणायच्या.

भोपळा म्हणजे आपला नेहमीचा थोरला भोपळा नव्हे. सूनबाईंनी पॅटीपॅन नावाच्या जातीचं बियाणं आणलं होतं. फळ तळहाताएवढं, चपटं, पिवळं, आणि कडेला फ्रॉकच्या घेरासारखी झालर. म्हणून छकुली त्याला झालरभोपळा म्हणायची. सूनबाई मातीचे उंचवटे करायच्या, त्यात कुजलेलं खत मिसळायच्या, दोन-तीन बिया टोचायच्या आणि शिवणयंत्रावरून उठून उठून कोंब आला का ते बघायच्या. फळ कोवळं असतानाच तोडावं लागे. थोडी दिरंगाई झाली की साल राठ. पहिल्या हंगामात फळं इतकी लागली की शेजारीपाजारी वाटली.

पण प्रत्येक फळ ओट्यावर आलं की सासूबाई आपली चकती कापायच्या, चावून बघायच्या आणि "हं" म्हणायच्या. तेवढा वेळ शिवणयंत्र थांबायचं. सूनबाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकायची. 'शेजारणी कौतुक करतात आणि या मात्र माझ्या हातचं पारखून घेतात. माझ्यावर यांचा भरवसाच नाही!' हे त्या परसात वेलीपाशी पुटपुटायच्या, सासूबाईंसमोर नाही. आणि जन्मभर जे केलं ते कशासाठी, हे सांगावं असं सासूबाईंच्या डोक्यातही आलं नाही. मुलगा दोघींच्या मध्ये मूग गिळून बसायचा.

हंगाम संपताना सूनबाईंनी सगळ्यात देखणं फळ वेलीवरच जून होऊ दिलं आणि त्याच्या बिया सावलीत वाळवून ठेवल्या. पुढच्या वेळी पाकीट विकत आणायचं नाही, आपलं बियाणं घरचं, असा त्यांचा ताठा होता. कुंपणापलीकडे एक फुलवाली राहायची. ती दुकानात मांडण्यासाठी शोभेचे छोटे भोपळे लावायची, हिरव्या-नारिंगी पट्ट्यांचे, नुसते बघायचे. मधमाश्या तिच्या फुलावरून उठून आमच्या फुलावर बसत. मधमाश्यांवर माझा पहिल्यापासूनच विश्वास नाही. या घरचं त्या घरी करणारी जात ती.

दुसऱ्या हंगामात घरच्या बियांचे वेल परसभर पसरले. फळंही तशीच झालरीची, फक्त सालीवर एखादी हिरवी रेघ. ती रेघ मला खटकली, पण सुरीला कोण विचारतो?

पहिली फळं तोडली त्या दिवशी सगळ्यांना सुट्टी होती. सासूबाईंनी एक फळ पुढ्यात घेतलं, मला देठाशी टेकवलं, आणि सूनबाई दारातूनच म्हणाल्या, "आई, आज नका ना चाखू."

"का गं?"

"बी माझं, माती माझी, मेहनत माझी. एकदा तरी माझ्यावर विश्वास ठेवा की!"

सासूबाईंचा हात थांबला. मी मनातल्या मनात ओरडले, कापा, चकती कापा! पण घरात शांतता नांदावी म्हणून सासूबाईंनी जन्माचा नेम मोडला. "बरं बाई, तुझ्या मनासारखं," म्हणाल्या. त्यांनी वरची टोपी उडवली, आतला गर कोरला, तो कांदा आणि पावाच्या चुऱ्याबरोबर परतला, मीठमिरी घातली, पुन्हा फळांत भरला आणि वरून चीज किसून ती ओव्हनमध्ये भाजायला ठेवली. घरभर छान वास सुटला. वासावर तर मी मुळीच विश्वास ठेवत नाही.

पानं वाढली गेली. सूनबाईंनी पहिला घास घेतला आणि त्यांचा चेहरा आक्रसला. कडूजहर! आणि मित्रांनो, त्यांच्या मनात काय यावं? सासूबाईंनी राग काढला. चाखू दिलं नाही म्हणून मुद्दाम यात काहीतरी कालवलं. 'बघू कोण हरतं,' असं ठरवून त्या मान खाली घालून खात राहिल्या. अख्खं फळ संपत आणलं. मुलाने दोन घास कसेबसे गिळले आणि नेहमीप्रमाणे गप्प राहिला. छकुली लहान, तिला मानापमान कुठून कळणार? ती फूः करून थुंकली आणि रडायला लागली.

सासूबाई वाढून झाल्यावर जेवणाऱ्या. त्यांनी छकुलीच्या ताटलीतला एक कण जिभेवर ठेवला आणि त्या पांढऱ्याफटक पडल्या. "टाका ते! कुणी गिळू नका!" असं ओरडत त्यांनी सगळ्यांची पानं ओढून घेतली. पण सूनबाईंच्या पानात झालरीचा एक तुकडाच उरला होता.

थोड्याच वेळात सूनबाईंच्या पोटात मुरडा उठला. उलट्या थांबेनात, हातपाय गार पडले. मुलाचंही पोट दुखत होतं, तरी त्याने शेजाऱ्याची गाडी आणवली आणि सगळे दवाखान्यात धावले. मी तशीच मोरीत पडून राहिले, पात्यावर तो रस वाळत गेला. घर सुनंसुनं झालं. मी कधी कुणासाठी देवाचा धावा केला नव्हता, त्या दिवशी केला. नव्या सुरीमुळे मनात ठेवलेली सगळी अढी मी सोडली. नुसती सूनबाई परत येऊ दे, एवढंच मागितलं.

त्या परत आल्या. सलाइनवर राहून, वाळलेल्या वेलीसारख्या झालेल्या, पण चालत आल्या. फुलवाली बातमीला आली आणि उंबऱ्यातच थबकली, आपल्यावर आळ येईल म्हणून. "बी घरचं धरलंत का?" तिने विचारलं. "अहो, माझे शोभेचे भोपळे कडू असतात. मधमाशी कुठलं कुंपण मानते? त्यांचा गुण तुमच्या बियांत उतरला असणार."

ती गेल्यावर स्वयंपाकघरात दोघीच उरल्या. सासूबाई पेज ढवळत होत्या.

"आई, मला वाटलं तुम्ही मुद्दाम कडू केलंत."

सासूबाईंचा हात थांबला. "आणि मी तुझ्याकडे बघत होते. एवढी मान खाली घालून खातेय, म्हणजे आवडलंय. म्हटलं, चला, एकदाचं हिचं मन भरलं."

सूनबाई म्हणाल्या, "तुम्ही दर वेळी कच्चं चाखायचात. त्यातलं एखादं असंच कडू निघालं असतं तर?"

"थुंकलं असतं."

"आणि चुकून पोटात गेलं असतं तर?"

"तर माझ्या गेलं असतं," सासूबाई म्हणाल्या. "तुमच्या कुणाच्या नसतं गेलं ना?"

सूनबाईंनी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि त्या हमसून हमसून रडल्या. पेज उतू गेली, पण त्या दिवशी त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

ते सगळे वेल उपटले, घरच्या बिया जाळून टाकल्या. मित्रांनो, मी अजूनही संशयीच आहे आणि तुम्हीही थोडे असा. घरच्या भोपळ्याची, काकडीची आधी एक चकती चाखा, कडू असेल तर फेकून द्या. पण भाजीवरचा संशय माणसावर नेऊ नका. भाजी मला कापून आतून बघता येते, माणसाला मात्र विचारावंच लागतं. आणि माझ्यासारख्या जुन्या सुरीला वापरून झाल्यावर धुऊन, पुसून ठेवत जा, मोरीत टाकू नका. एवढं कराल ना? शेवटचं सांगते, पानावर बसल्यावर घास कडू लागला, तर हट्टाने गिळू नका. थुंका, आणि ज्याने वाढलं त्याला तोंड उघडून सांगा.