देवीची माळ

ठिक्.

भरलेल्या ओसरीवरच्या शांततेत स्टीलच्या ताटलीत सरकी पडली, आणि सगळ्या बाया एका सुरात म्हणाल्या, "जय माय!"

गेल्या साली अकोटात कपाशी आलीच नाही. कापसातून सरकी काढणारे जिनिंग कारखाने बंद, हात रिकामे, डॉक्टरला द्यायला पैसा नाही. म्हणून झाडफूक करणाऱ्या पुंजाजी महाराजांच्या ओसरीवर रीघ. आज त्यांच्यापुढं माझी नणंद बसली होती, गोदावरी. मानेवर आधी नुसत्या गाठी आल्या, न दुखणाऱ्या. मग एक मऊ पडली, फुटली, भोवतीची कातडी जांभळी झाली. सासूबाई म्हणाल्या, गंडमाळ. महाराजांनी त्यातला नेमका 'माळ' शब्द उचलला.

"माळ हाये ना? मंग माळ कोन घालते? देवी! मायनं पोरगी पसंत केली. तिचे मणी मी एकेक काढतो. डॉक्टरचा हात लागला का देवी कोपली!"

त्यांनी लाल रुमाल धरून जखम चिमटली. गोदावरीनं माझी बोटं गच्च दाबली. पुन्हा ठिक्.

माझी श्रावणी ताटलीवर वाकली आणि तिनं फुंकर मारली. सरकीवरचा कापूस भुरभुर हलला.

"आई, आत्याच्या मानेत पू हाये. मंग सरकी वली काऊन नाही?"

"लेकराले आवर वं!" महाराज गरजले.

मी त्यांच्या हातातला लाल रुमाल ओढला. घडीतून सरक्या घरंगळल्या, कोरड्या ठणठणीत.

"माय वं," मागून एक बाई म्हणाली, "हे तं आमच्या म्हशीचं खाणं!"

दुसऱ्या दिवशी एसटीनं अकोला गाठलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा क्षय आहे. जंतू मानेच्या गाठीत वाढतात, गाठ आतून सडते, फुटते आणि वरच्या कातडीलाही क्षय धरतो. रोज न चुकता गोळ्या घेतल्या तर बरा होतो. फुटायच्या आधी आणलं असतं तर..."

सोबत आलेल्या सासूबाई पदराशी चाळा करत राहिल्या.

गोळ्यांनी गोदावरी बरी झाली. जखम भरली, पण कातडी चुरगळून आखडली. तिला बघायला बाळापूरचे पाहुणे आले, चहा प्यायले, मानेकडं पाहिलं आणि उठले.

बायांनो, लेकराच्या मानेला गाठ लागली तर दवाखाना गाठा. देवी अशा माळा घालत नाही. आणि जखमेतून कुणी काही काढून दाखवलं, तर ते ओलं आहे का, एवढं तरी विचारा. माझ्या पोरीनं विचारलं ते आम्ही मोठ्यांनी आधीच विचारायला हवं होतं.

काल मी पोळ्या लाटत होते. श्रावणी जवळ येऊन हळूच म्हणाली,

"आई, आत्याची मान बरी झाली ना? मंग ते घरातही ओढणी काऊन गुंडाळून बसते?"