खिडकीकडे तोंड करून

"पाळकसाहेब, आल्या वाटेने परत जा," हातातली कुदळ न थांबवता आत्या म्हणाली. "त्या माणसाचं नाव माझ्या शेतात काढायचं नाही. बटाटे सडतील."

पाळकसाहेब सायकल बांधाला टेकवून उभे होते. वयाने तरुण, बोलायला मऊ, आणि आत्यासमोर तर जास्तच मऊ. आत्या म्हणजे अख्ख्या गावाची आत्या. तिच्यावर माया करणाऱ्यांपेक्षा तिला घाबरणारेच जास्त. सकाळपासून कोरडा वारा सुटला होता आणि जमीन आवळत चालली होती. चार दिवसांत बटाटे निघाले नाहीत तर पुढे कुदळही आत शिरली नसती. आत्या वरंबे फोडत होती आणि मागून सून टोपलीत बटाटे वेचत होती.

"आत्या, तो या रविवारी मंडळीत येतोय," पाळकसाहेब म्हणाले. "दोन महिने माझ्याकडे येऊन बसतोय. मन बदललंय त्याचं. आणि हात धरायला त्याने तुमचं नाव सांगितलंय."

कुदळ थांबली. सुनेने टोपली खाली ठेवली, कारण आता काय होणार हे तिला ठाऊक होतं.

त्या ख्रिस्ती मंडळीत एक जुनी रीत होती. नवीन माणूस आला की त्याने दारात उभं राहायचं. आतल्या एकाने उठून जायचं, त्याचा हात धरायचा, हा आपला म्हणून सांगायचं आणि त्याला आणून बाकावर बसवायचं. कुणीच उठलं नाही तर तो दारातूनच परत. तशी वेळ आजवर आली नव्हती, कारण येणारी बहुतेक कुणाची तरी नवी सूनच असायची.

"माझं नाव?" आत्या म्हणाली. "काट्याने माझं नाव सांगितलं? लाज विकून खाल्ली का त्याने?"

काट्या हे काही त्याचं आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. आत्याच्या शेतातून गावाकडे येणारी गाडीवाट त्याच्या शेताच्या कडेकडेने जायची. अकरा वर्षांपूर्वी भांडणात त्याने ती काटेरी फांद्या टाकून बंद केली आणि तेव्हापासून हे नाव त्याला चिकटलं. त्याच हंगामात एका दुपारी आत्याच्या नवऱ्याला शेतात छातीत कळ आली. आत्याने स्वतः बैल जुंपले, नवऱ्याला गाडीत आडवं केलं आणि त्या वाटेने निघाली. पुढे कुंपण. बैल काट्यांत शिरेनात. ती ओरडली, शिव्या दिल्या, शेवटी गाडी वळवून ओढ्यातून नेली. ओढ्याच्या वाळूत चाक रुतलं, आणि तिथेच, तिच्या मांडीवर डोकं ठेवून तो गेला.

त्यानंतरच्या रविवारपासून आत्या काट्यासाठी प्रार्थना करायला लागली. आपल्याशी वाईट वागणाऱ्यासाठी प्रार्थना करावी असं आधीचे म्हातारे पाळक सांगून गेले होते, आणि आत्याने ते फार मनावर घेतलं होतं. देवळाच्या मागच्या भिंतीला लागूनच काट्याचा गोठा. प्रार्थनेची वेळ आली की आत्या उठायची, मुद्दाम त्या बाजूच्या खिडकीकडे तोंड करायची आणि आवाज चढवायची. "प्रभू, ज्याने काटे लावून माझ्या घरधन्याचा जीव घेतला, त्या पाप्याकडे बघ!" पुढे त्याचं खरं नाव, बापाचं नाव, पोराबाळांच्या बाबतीत किती कपाळकरंटा हेही. मंडळी माना खाली घालून ऐकायची. पाप्याकडे बघ म्हणजे नेमकं कसं बघ, हे आत्याने देवावर सोडलं होतं. पण मनातून तिला देवाने डोळे वटारूनच बघायला हवं होतं.

"तुम्हीच तर अकरा वर्षं मागत होतात, आत्या," पाळकसाहेब म्हणाले.

"मागत होते म्हणून काय लगेच द्यायचं?"

सुनेला हसू आलं. तिने पदर तोंडाला लावला.

"कृपा कमवावी लागत नाही. ती मिळते," पाळकसाहेबांनी पुन्हा धीर केला.

"मग फुकटच म्हणा की! मी गुडघे झिजवले ते काय हौस म्हणून?"

"तुम्हालाही फुकटच मिळाली, आत्या."

"मला मिळाली तेव्हा मी काही बोलले का? त्याला मिळतेय म्हणून बोलतेय!"

 पाळकसाहेब वाकून दोन-चार बटाटे वेचायला लागले, तेही सडक्या बटाट्यांच्या टोपलीत टाकत. आत्याने कुदळ बांधावर फेकली आणि तरातरा गावाकडे चालायला लागली. तिला एकच भीती वाटत होती, आणि ती तिने वाटेत स्वतःशी मोठ्याने बोलूनही दाखवली. याला माफी मिळाली तर माझ्या माणसाचं मरण कुणाच्या नावावर राहिलं? ते काय असंच वाऱ्यावर सोडायचं?

काट्या गोठ्यात खोऱ्याने शेण ओढत होता. म्हाताऱ्याचे खांदे खाली आले होते, पण तोंड तसंच आंबट होतं.

"ये वहिनी," तो म्हणाला. "भांडायलाच आली असशील."

"मी तुझा हात धरणार नाही, हे सांगायला आले. दारात उभा राहशील आणि दारातूनच परत जाशील. सगळ्या मंडळीसमोर."

"जाईन."

"नाक वर करून माझं नाव सांगायला तुला झालं काय?"

"मग कुणाचं सांगू?" काट्याने खोरं भिंतीला लावलं. "पोरं बोलत नाहीत माझ्याशी. शेजारी बघत नाहीत. देवापुढे माझं नाव घेणारं या गावात एकच माणूस आहे. शिव्या घालून का होईना, दर रविवारी घेतेस."

"शिव्याच होत्या त्या! गैरसमज नको."

"कळतं मला. बहिरा नाही मी. दोन महिन्यांपूर्वी तू तापाने पडली होतीस, आठवतं? त्या रविवारी मी इथेच उभा होतो. गाणी झाली, प्रार्थना झाली, आणि माझं नाव कुणी घेतलंच नाही. खोरं हातात तसंच. वाटलं, संपलं, देवाच्या दारी आता मी मेल्यात जमा. दुसऱ्या दिवशी गेलो पाळकाकडे."

 आपल्या तापाचा असा उपयोग झाला याचा आत्याला मनस्वी राग आला.

"आणि अजून एक," काट्या म्हणाला. आता तो तिच्याकडे बघत नव्हता. "तू दर वेळी अर्धंच सांगायचीस. काटे लावले, काटे लावले. मी इथून म्हणायचो, अगं पुढचं सांग. मग ध्यानात आलं, पुढचं तुला ठाऊकच नाही."

"कुठलं पुढचं?"

"मी त्या दुपारी तिथेच होतो. शेतातल्या खोपीत. तुझी गाडी आलेली बघितली. आधी वाटलं, भांडायला आलीस. मग गाडीत तो आडवा दिसला. वहिनी, दिसला मला. चार फांद्या ओढायच्या होत्या, तंबाखू मळायला लागतो तेवढा वेळ. पण मनात आलं, आज वाट उघडली तर कायमची द्यावी लागेल. बसून राहिलो. तू वळेपर्यंत बसून राहिलो."

गोठ्यातली म्हैस रवंथ करत होती. आत्याने हाताला लागलं ते उचललं. ती पाण्याची बादली होती, अर्धी भरलेली. तिने ती त्याच्या अंगावर फेकली. बादली त्याच्या छातीवर आपटून खाली पडली. तो जागचा हलला नाही आणि त्याने हातही आड केला नाही.

"पाळकाला सांगितलंस हे?" तिचा आवाज फाटला होता.

"सांगितलं. तो म्हणाला, आधी तिला सांग. ती आली नाही तर दारातून परत जा, पण तिला सांगितल्याशिवाय दारात येऊ नकोस."

आत्या घरी आली. पुढचे तीन दिवस तिने बटाटे काढले. सून रांधून समोर ठेवायची, ती दोन घास खाऊन उठायची. तिला गुडघे टेकायचीही सोय राहिली नव्हती. अकरा वर्षं पाठ असलेली प्रार्थना आता खोटी ठरली होती, कारण खरं पाप तिने मागितल्यापेक्षा कितीतरी मोठं होतं. एवढ्या मोठ्या पापाला पुरेल एवढं देवाजवळ असेलही. तिच्याजवळ नव्हतं.

रविवारी काट्या दारात उभा राहिला. धुतलेला सदरा, हातात टोपी. मंडळीने माना वळवून बघितलं आणि मग सगळ्यांनी एकदम आत्याकडे बघितलं. पाळकसाहेबांनी विचारलं, "याचा हात कोण धरेल?"

कुणी हललं नाही. पुढच्या बाकावर एक म्हातारा खोकला. पाळकसाहेबांनी दुसऱ्यांदा विचारलं. तेव्हा काट्या टोपी डोक्यावर ठेवून खरोखरच मागे वळला. तक्रार नाही, काही नाही. त्याची ती वाकलेली पाठ बघून आत्या उठली. का उठली ते तिला नंतरही सांगता आलं नाही. त्याला कुठे जायलाच वाट नव्हती एवढं तिला दिसलं, आणि ते बघून बसून राहणं तिला जमेना.

ती तरातरा दारापर्यंत गेली आणि त्याचं मनगट पकडलं. पळणाऱ्या गुराला धरावं तसंच धरलं.

"आत्या, तुम्ही याला ओळखता?" पाळकसाहेबांनी रीतीप्रमाणे विचारलं.

"ओळखते. याने माझ्या माणसाला मरताना बघितलं आणि हा जागचा उठला नाही. आजवर मला एवढंही ठाऊक नव्हतं. आता ओळखते."

 काट्याने मान हलवली. "खरं आहे," तो म्हणाला.

"आणि हा आपला आहे?"

 आत्याची बोटं त्याच्या मनगटात रुतली.

"मला नको आहे," ती म्हणाली. "पण ज्याने मला घेतलं, तो यालाही घेतो म्हणतोय. त्याच्या घरात मी कोण नाही म्हणणारी? आपला आहे. घ्या."

काट्याचे खांदे हलायला लागले.

"रडायचं नाही," आत्या त्याच्या कानाशी खेकसली. "माझ्यासमोर रडायचा हक्क तुला दिलेला नाही. गप चल."

तिने त्याला ओढत नेलं आणि बाकावर बसवलं. रीतीप्रमाणे त्याच्या शेजारी बसावं लागत होतं. ती बसली, पण मधे एक माणूस मावेल एवढी जागा ठेवून. प्रार्थनेची वेळ झाली तेव्हा सगळे तिची वाट बघत राहिले. ती उठली नाही.

घरी जाताना सुनेने हळूच विचारलं, "आई, मोकळं वाटतं का आता?"

"मोकळं कसलं! घशाशी आलंय सगळं," आत्या म्हणाली. "आज कसाबसा धरला त्याचा हात. उद्या सकाळी उठले की मला पुन्हा पहिल्यापासून माफ करावं लागणार. परवा पुन्हा. चल लवकर, दोन वरंबे राहिलेत."